डाव्या बाजूला बसलेली माणसं

प्रोजेक्टर तयार झाला होता, फक्त त्यात दिवा कुठला घालायचा ते ठरत नव्हतं.

मानसिंग हवालदार फौजेच्या वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं काढून वाडीत परतला, त्याला आता दहा वर्षं झाली होती. वाडी रहिमतपूरपासून सात किलोमीटरवर. टीव्ही, मिक्सर, विहिरीवरची मोटर, जे बंद पडेल ते त्याच्या पडवीत येई आणि बहुतेक वेळा चालू होऊन परत जाई. पण प्रोजेक्टर त्यानं आजवर बनवला नव्हता. शाळेच्या प्रियदर्शनीबाई डिसेंबरात घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, शाळेचा प्रोजेक्टर तीन वर्षं बंद आहे. तुम्हाला काही करता येईल का?" मानसिंगनं तो उघडून बघितला, आतलं सगळं जळालं होतं. तो म्हणाला, "ह्यो गेला. पर मी नवा बनवतो की."

बाईंच्या डोक्यात एक कार्यक्रम होता. वाडीतली एक्केचाळीस माणसं फौजेत. प्रत्येकानं आपल्या मोबाइलवर दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवायचं, शाळेतल्या पोरांसाठी, आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सगळ्या वाडीनं ते भिंतीवर मोठं करून बघायचं. एक्केचाळीसपैकी तेहतीस जणांनी पाठवलं. त्यात मानसिंगचा जयराजही होता. जयराज लेहच्या पुढं कुठंतरी होता आणि अकरा महिन्यांत घरी आला नव्हता. फोनवर दिसायचा, पण रेंज तुटायची, चित्र फाटायचं. त्याची आई राहीबाई म्हणायची, "त्याचं त्वांड मला फोनात जोंधळ्याएवढं दिसतंय. त्यो हसतोय का रडतोय त्येबी कळत न्हाई."

म्हणून मानसिंग कामाला लागला. जुन्या कॉम्प्युटरचा पडदा उकलून त्यानं त्याच्या पाठीमागची दिव्याची पट्टी काढून टाकली. उरली ती काचेसारखी आरपार पट्टी. तिच्यावर चित्र उमटतं, पण तिला स्वतःचा उजेड नसतो. तिच्या मागं जोरदार दिवा लावायचा, पुढं भिंग धरायचं, की तेच चित्र भिंतीवर आठ फुटांचं होतं. पेटी प्लायवूडची केली, भिंग पुण्याहून मागवलं. राहिला दिवा.

पहिल्यांदा त्यानं हॅलोजन लावला. पाऊण तासात पट्टीचा मधला भाग तापून काळा पडला आणि चित्र हळद फासल्यासारखं पिवळं. सुदैवानं गार झाल्यावर पट्टी पूर्ववत झाली. मग एलईडीची शंभर वॅटची चिप लावली. सांजच्याला पडवीत चित्र झकास दिसलं. राहीबाई तर टाळ्या वाजवायची बाकी होती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत नेऊन बघितलं तर भिंतीवर नुसत्या सावल्या. शाळेच्या खिडक्यांना गोणपाट लावलं तरी कौलांच्या फटींतून उजेड येत होता.

तो रहिमतपूरला अश्फाकच्या दुकानात गेला. अश्फाक विजेच्या सामानाचा दुकानदार, वयानं त्याच्याहून लहान, पण त्यातला दर्दी. अश्फाकची बहीण परवीन वाडीतच दिलेली. ती ब्लाउज शिवायची, तिचा नवरा गुजरातच्या ट्रकवर असायचा. त्यामुळं अश्फाकचं वाडीत येणंजाणं होतं.

"एलईडीच ठेवा, अण्णा," अश्फाक म्हणाला. "गार चालतंय, धोका न्हाई. एकाच्या जागी दोन चिपा लावा."

"दोन चिपांचा उजेड एका जागंवरनं येत न्हाई. चित्र दुहेरी दिसतंय."

"मग कार्यक्रम सांजचा करा."

"सांजच्याला कोन येतंय? बाया रानातनं दमून येत्यात, सैपाकाला लागत्यात. झेंड्याला सकाळी सगळी येत्यात, त्येवढाच काय तो येळ."

अश्फाक आत गेला आणि एक लांबट, दुधी काचेचा बल्ब घेऊन आला. सोबत त्याचा जड चोक. "ह्यो मेटल हॅलाइड. मैदानावरच्या खांबाला असतोय त्यो. ह्येचा उजेड दिवसा बी भागंल. पर तापतोय लय. आनि एक ध्यानात ठेवा," त्यानं बोटानं बाहेरच्या काचेवर टिचकी मारली, "ही भायली काच हाय तवर ह्यो दिवा हाय. ही काच गेली तरी आतली नळी पेटती, पर मग त्यो दिवा न्हाई, वेल्डिंग हाय. जवळ बसनाऱ्याचं डोळं जातील."

"मला शिकवतोस व्हय रं?" मानसिंग हसला. "वेल्डिंग मी वीस वर्सं बघितलंय."

बल्ब घरी आणून लावला तर उजेड होता, पण दुधी काचेमुळं सगळीकडं पसरत होता. भिंगाला तो एका जागेवरून हवा होता. आतली नळी करंगळीच्या पेराएवढी. तिचा उजेड नुसता आला तर चित्र कोरीव होणार, हे मानसिंगला दिसत होतं. त्यानं दोन दिवस विचार केला. पेटी चारी बाजूंनी बंद आहे. पट्टीच्या आणि दिव्याच्या मध्ये दोन काचा आहेतच. उघडा उजेड बाहेर पडायला वाट नाही. मग बिघडलं कुठं? पंचवीस तारखेला त्यानं बल्ब फडक्यात गुंडाळला, कानशीनं गळ्याला रेघ पाडली आणि बाहेरची काच उतरवली.

दिवा लावल्यावर पडवीच्या भिंतीवर जयराजचा चेहरा असा उमटला की मिशीचा केस न् केस मोजावा. राहीबाईला त्यानं मुद्दाम दाखवला नाही. तिनं उद्याच बघावा असं त्याला वाटलं.

झेंडावंदन झालं, लाडू वाटले आणि वाडी शाळेच्या लांबड्या खोलीत येऊन बसली. पोरं पुढं सतरंजीवर, बाया दोन्ही बाजूंना, पुरुष मागं भिंतीला टेकून. मधोमध टेबलावर पेटी. चित्राच्या भिंतीकडून बघितलं तर पेटीच्या डाव्या अंगाला स्टुलावर प्रियदर्शनीबाई लॅपटॉप घेऊन, त्यांच्या शेजारी राहीबाईला खुर्ची, मागं राणी आणि आणखी चार-पाच बाया, परवीन आणि तिची नऊ वर्षांची नूरीन. नूरीन गेल्याच आठवड्यात मिरजेला लग्नाला जाऊन डोळे आल्याची साथ घेऊन आली होती. आता बरी होती, पण आईनं तिला काळा चश्मा घालूनच आणलं होतं. तिला यायला बाईंनीच सांगितलं होतं. डोळ्यांतलं पाणी थांबलंय, ये, चुकवू नकोस, म्हणून.

पहिली वीस मिनिटं अप्रतिम गेली. कुणाचा मुलगा राजस्थानातून बोलला, कुणाचा नवरा आसामातून. पोरं टाळ्या वाजवत होती. मग चित्राच्या कोपऱ्यात काळा ढग यायला लागला. पट्टी तापत होती. आतला पंखा पुरत नव्हता. यादीत जयराज सव्विसावा होता, आणि आत्ता कुठं नववा चालू होता.

मानसिंगनं क्षणभर पेटीकडं बघितलं. मग पेचकस घेतला, डाव्या अंगाची फळी सोडली आणि मोकळ्या जागेत शाळेचा टेबलफॅन लावला. ढग हळूहळू विरला. खोलीच्या डाव्या बाजूला निळसर पांढरा उजेड पडला, बायांच्या लुगड्यांवर, चेहऱ्यांवर.

"आवं अण्णा," राणी म्हणाली, "हिकडं लय लखलखतंय की."

"तुमी पडद्याकडं बघा की! दिव्याकडं कशाला बघताय?" तो म्हणाला, आणि खोली हसली.

तो स्वतः पेटीच्या उजव्या अंगाला उभा होता.

सव्वा तासानं कार्यक्रम संपला. जयराज भिंतीवर आठ फूट उंच उभा राहून "आये, मी बरा हाय, तू गोळ्या घेतीस का?" म्हणाला तेव्हा राहीबाई खुर्चीतून उठली आणि भिंतीकडं दोन पावलं गेली. तिची सावली त्याच्या छातीवर पडली. मानसिंगनं आयुष्यात इतकी मशिनं दुरुस्त केली होती, पण असं समाधान त्याला कधी मिळालं नव्हतं. लोक त्याच्या पाठीवर थाप मारून गेले.

रात्रीची जेवणं होऊन भांडी घासताना राहीबाईनं हात थांबवला. "आवं, डोळ्यात वाळू गेल्यागत व्हतंय."

"चोळू नगंस. पानी मार."

तिनं पाणी मारलं. थोड्या वेळानं ती डोळे मिटूनच भिंतीला धरून आत आली. डोळ्यांतून धार लागली होती, बल्बकडं बघवत नव्हतं. मानसिंगनं तिचा चेहरा वर केला. पापण्या सुजल्या होत्या आणि चेहऱ्याची डावी बाजू उन्हानं भाजल्यासारखी लाल. डावी. पेटीकडं होती ती.

वर्कशॉपमध्ये भरती झाल्यावरच्या पहिल्या महिन्यात मानसिंगनं चश्म्याशिवाय वेल्डिंग बघितलं होतं. संध्याकाळी बरॅकमध्ये तो असाच आंधळ्यासारखा चाचपडत होता. तिथल्या उस्तादानं त्याच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या होत्या आणि आईवरून शिवी दिली होती. त्याला सगळं एका क्षणात समजलं. तो उठला, बटाटा चिरला, बायकोच्या डोळ्यांवर दोन चकत्या ठेवल्या.

"हे कशानं झालं वो?" तिनं विचारलं.

"साथ आसंल," तो म्हणाला. "डोळं आल्यात."

सकाळपर्यंत वाडीत नऊ जणांचे डोळे आले होते. राणीचे, परवीनचे, बाईंचे, त्या चार-पाच बायांचे. आरोग्य केंद्राची आशाताई दारोदार फिरून सांगत होती, हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, पोरांना शाळेत पाठवू नका. आणि डोळे आले म्हटल्यावर ते कुणी आणले हा प्रश्न आलाच. उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. मिरजेहून डोळे घेऊन कोण आलं होतं? बायांच्या मधोमध कोण बसलं होतं? आणि नवल बघा, तिच्या आईला झालं, शेजारणीला झालं, तिलाच तेवढं काही झालं नाही. "दिलं सगळ्यास्नी वाटून आनि आपन मोकळी," असं पाण्याच्या टाकीवर कुणीतरी म्हणालं.

मानसिंगनं ते ऐकलं. नूरीनला काही का झालं नाही ते त्याला माहीत होतं. तिनं काळा चश्मा घातला होता. पुढं सतरंजीवर बसलेल्या चाळीस पोरांतल्या एकालाही काही झालं नव्हतं, उजव्या बाजूच्या बायांना काही झालं नव्हतं, ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. साथ काय डावं-उजवं बघून बसते का? त्याला ते ओरडून सांगावंसं वाटलं. तो हंडा भरून घरी आला.

वेल्डिंगचं दोन दिवसांत उतरतं, तो मनाशी म्हणाला. उद्या सगळी बरी होतील. मग कशाला बोभाटा करायचा? त्यानं पेटी उघडून बल्ब काढला आणि उकिरड्यात पुरून आला.

दुपारी अश्फाकचा फोन आला. "अण्णा, परवीन रडतीया. नूरीन खेळायला गेली तर शेजारनीनं दार लावून घेतलं म्हनं. दुकानात बिस्किटाचा पुडा मागितला तर लांबनंच फेकला. आवं, पोरगी बरी झालीया की कवाच." तो थांबला. "मला एक सांगा. दिवा कुठला लावला हुता?"

मानसिंगनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"एलईडीच," तो म्हणाला. "तू सांगितला हुता त्योच."

"मेटल न्हाई ना?"

"न्हाई रं."

"मग साथच आसंल," अश्फाक म्हणाला, आणि त्याच्या आवाजात विश्वास होता. मानसिंगला तोच जास्त टोचला. फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ पडवीत बसून राहिला. वर्कशॉपमध्ये असताना एकदा त्याच्या हातून जनरेटर जळाला होता. त्यानं स्वतः जाऊन साहेबाला सांगितलं होतं आणि सात दिवसांची शिक्षा घेतली होती. त्या माणसाला आज काय झालं होतं, ते त्याचं त्यालाच समजेना. तेव्हा लोखंड जळालं होतं. इथं माणसं होती, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाईनं डोळे उघडले. राणी बरी झाली, परवीनही शिलाईला बसली. मानसिंगनं सुटकेचा श्वास टाकला. मग आशाताई सांगत आली की शाळेच्या बाईंचं मात्र वाढलंय, डोळा उघडतच नाही.

बाई शाळेपलीकडच्या एका खोलीत भाड्यानं राहायच्या. माहेर सांगलीचं, विश्रामबागला आई. मानसिंग गेला तेव्हा खिडकीला चादर लावलेली होती आणि त्या कॉटवर बसून होत्या, डाव्या डोळ्यावर ओला रुमाल. उशाशी औषधाची छोटी बाटली.

"कोण? काका का? बसा."

"कसं हाय आता?"

"उजवा बराय. डावा फार ठणकतोय." त्यांनी रुमाल बाजूला केला. मानसिंगनं मान फिरवली. बुबुळावर पांढरट ठिपका दिसत होता. "गेल्या वर्षी डोळे आले होते तेव्हाचे थेंब होते घरात, तेच घालतेय काल सकाळपासून. काही फरक नाही." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, माझ्या मनाला फार लागलंय. त्या नूरीनला मीच बोलावलं होतं. तिची आई नको म्हणत होती. आता सगळे तिला बोलतायत. पालकांचा निरोप आलाय, ती येणार असेल तर आम्ही आमची मुलं पाठवणार नाही. मी काय लिहून दिलंय माहितेय? पंधरा दिवस घरी ठेवा म्हणून. माझ्या हातानं लिहिलंय, एका डोळ्यानं बघून. परवीनताईंना तोंड कसं दाखवू?"

मानसिंग उभाच होता. तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला.

"बाई, त्या पोरीचं कायबी न्हाई. तुमचंबी न्हाई." त्यानं उंबऱ्यावर हात टेकला. "साथ न्हाई ही. माझा दिवा हाय."

बाईंना काही समजलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. एलईडी, मेटल, काढलेली काच, सोडलेली फळी. डाव्या बाजूला कोण कोण बसलं होतं ते. नूरीनचा चश्मा. सांगताना तो खाली जमिनीकडं बघत होता.

बाईंनी रुमाल पुन्हा डोळ्यावर ठेवला.

"तुम्हाला हे कधी समजलं?" बाईंनी विचारलं.

"त्याच रात्री."

"त्याच रात्री," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी हे थेंब घालायच्या आधी."

तो उशाशीच्या बाटलीकडं बघत राहिला.

"दोन दिवस, काका. दोन दिवस मी हे जुने थेंब घालत होते. तुम्ही फक्त येऊन सांगायचं होतं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "माझ्या आईला फोन लावा. आणि मला सांगलीला न्यायची सोय करा."

गाडी यायला तासभर होता. तेवढ्यात मानसिंग परवीनच्या घरी गेला. ती मशिनवर बसली होती, नूरीन कोपऱ्यात चिंध्यांचे तुकडे लावत होती. त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. परवीनचा पाय मशिनच्या पायडलवर थांबला.

"भाई मला म्हनला, अण्णांनी एलईडी लावला हुता."

"खोटं बोललो मी त्याला."

परवीन पोरीकडं बघत म्हणाली, "काल ही मला इचारत हुती, अम्मी, मी काय केलंया? मी म्हनलं, कायबी न्हाई, गप बस. मला बी वाटत हुतं की हिनंच दिलं आसंल. अण्णा, माझ्या पोरीवर माझा इस्वास उडाला हुता." तिनं डोळ्यांना पदर लावला नाही. सरळ त्याच्याकडं बघितलं. "माझ्यापुढं सांगून काय उपेग? जिथं बोलली तिथं सांगा."

"चल, तू बी चल."

"मी न्हाई येनार. तुमचं तुमी सांगा."

तो एकटाच पाण्याच्या टाकीवर गेला. दहा-बारा बाया होत्या, चार पुरुष चावडीवर पेपर वाचत बसले होते. मानसिंगनं फौजेत असताना बोलायचा तसं मोठ्यानं सांगितलं. पहिल्यांदा कुणाला खरंच वाटेना. एकजण म्हणाला, "गड्या, दिव्यानं कुठं डोळं येत्यात का? उगं त्या पोरीसाठी आपल्यावर घेतोयस." राणी मात्र घागर खाली ठेवून पुढं आली. "म्या सांगितलं हुतं तुमाला. लखलखतंय म्हनलं हुतं. तवा समद्यांनी माझंच हसं केलं." तिच्या गालावरची त्वचा अजून सोलत होती. नाथाजी सरपंचानं डोक्याला हात लावला. "सांगायचंच हुतं तर परवा सांगायचं. न्हाईतर सांगायचंच न्हाई. आता बाईंच्या घरच्यांनी काय केलं तर वाडीचं नाव जाईल." नूरीनबद्दल कुणी काही बोललं नाही. जिनं दार लावून घेतलं होतं ती शेजारीण हंडा घेऊन निघून गेली.

घरी राहीबाई दारातच उभी होती. तिला कुणीतरी येऊन सांगितलं होतं.

"डोळ्यावर बटाटा ठेवला, तवाच ठावं हुतं व्हय तुमाला?"

"व्हय."

"आनि मला म्हनला साथ हाय." ती आत गेली आणि त्याच्या कपड्यांची पिशवी भरून घेऊन आली. "बाईंच्या संगट जावा. त्यांचं बरं होईस्तोवर मला तुमचं त्वांड दावू नगा." मग थोडं थांबून म्हणाली, "मी लेकाला बघत हुते. मला कुठं बघायचं त्ये बी सुदरलं न्हाई. चश्मा घातलेली ती पोरगी माझ्या मागंच बसली हुती, तिच्यावर आळ आला तवा बी मला कळलं न्हाई."

सांगलीला विश्रामबागच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिव्याखाली तपासलं. बाहेर येऊन त्यांनी मानसिंगला विचारलं, "तुम्ही वडील का?" "न्हाई," तो म्हणाला. "दिवा माझा हुता." डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं की त्या उजेडानं बुबुळाचं वरचं साल भाजतं. बहुतेकांचं दोन दिवसांत भरून येतं. बाई सगळ्यात जवळ होत्या, त्यांचं जास्त भाजलं. त्यात वर्षभर उघडी राहिलेली बाटली. भाजलेल्या जागेत जंतू गेले. जखम झालीय. डोळा जाणार नाही, पण आठ-दहा दिवस दर तासाला औषध लागेल आणि डाग राहील. किती राहील ते आत्ता सांगता येत नाही.

"लवकर आनलं आसतं तर?"

डॉक्टरांनी त्याच्याकडं बघितलं. "तर कदाचित काहीच झालं नसतं," ते म्हणाले. त्यांनी ते कठोरपणे म्हटलं नाही, खरं म्हणून म्हटलं.

ते दिवस मानसिंग सांगलीत एका ओळखीच्या माजी सैनिकाकडं राहिला. दिवसा बाईंच्या आईच्या घरी जाऊन बसायचा. घड्याळ लावून दर तासाला त्यांना आठवण करायची, औषध आणायचं, रिक्षा बोलवायची, एवढंच काम. बाईंच्या आईनं त्याला पहिले तीन दिवस चहा विचारला नाही. चौथ्या दिवशी न विचारता कप पुढं ठेवला. अश्फाक एकदा येऊन गेला, बाईंसाठी सफरचंदं घेऊन. दारात मानसिंग दिसल्यावर त्यानं सलाम केला, पण "अण्णा" म्हणाला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "मी फोनवर इचारलं तवा तुमी खरं सांगितलं आसतं, तर त्याच घटकेला मी गाडी काढून आलो आसतो."

फेब्रुवारीच्या अखेरीस बाई शाळेत रुजू झाल्या. पहिल्याच दिवशी त्या परवीनच्या घरी गेल्या, नूरीनचा हात धरून तिला वर्गात घेऊन आल्या आणि स्वतःच्या टेबलाजवळ बसवलं. पोरं चार दिवसांत सगळं विसरली. त्यांच्या आयांना वेळ लागला. परवीननं त्या शेजारणीचे ब्लाउज नंतरही शिवले, पण तिच्या घरचं पाणी घेतलं नाही. राहीबाईनं मानसिंगला घरात घेतलं, जेवायला वाढलं, मात्र तो काही सांगायला लागला की ती त्याच्याकडं नीट बघून विचारायची, "हे खरं हाय का?" भाजी गोड झालीय म्हटलं तरी विचारायची.

महिन्यातून एकदा डोळा दाखवायला सांगलीला जावं लागायचं. मानसिंग दर वेळी सोबत जाई. तिसऱ्या खेपेला, मे महिन्यात, डॉक्टरांनी बाईंना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. उजव्या डोळ्यानं त्यांनी शेवटपर्यंत वाचली. डाव्यानं वाचताना खालच्या दोन ओळी आल्या आणि त्या थांबल्या. डोळे बारीक करून त्यांनी एक अक्षर सांगितलं, ते चुकलं. डॉक्टर म्हणाले, "आता याच्यापुढं फरक पडणार नाही. हे एवढं राहील. रोजच्या कामाला अडचण नाही. आता सहा महिन्यांनी या."

दोघं बाहेर आली. ऊन रणरणत होतं. बाईंनी डाव्या डोळ्यापुढं हात धरला, उन्हात त्यांच्या त्या डोळ्यातून आता पाणी यायचं.

"काका," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी एकटी येईन."

"का वो बाई? मला काय तरास न्हाई. मी येतो की."

"तुम्हाला नाही." त्या शब्द शोधत होत्या. "मला राग नाहीये आता. होता, तो गेला. पण तुम्ही बरोबर असला की डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येताना मला सारखं बराय, ठीक आहे, असं म्हणावं लागतं. तुमचं तोंड बघून म्हणावं लागतं. आज मला तसं म्हणायचं नव्हतं."

मानसिंगनं मान हलवली. जे बोलायचं ते सगळं त्याचं चार महिन्यांत बोलून झालं होतं, आणि त्यातल्या कशानंही त्या दोन ओळी वाचता येणार नव्हत्या.

"आईकडं जाऊन उद्या येते मी," बाई म्हणाल्या. "तुम्ही निघा. गाडी मिळेल अजून."

त्यानं रिक्षा थांबवली, त्यांना बसवलं. रिक्षा वळणापलीकडं गेली तरी तो तिथंच थोडा वेळ उभा राहिला, आणि मग स्टेशनच्या रस्त्याला लागला.